जवाच्या पाण्यावर माझं नाव

"या घरात माडी बनते का?" सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा त्यांच्या हातात माझी तांब्याची नळी होती.

बकरी ईद आमच्याकडे करायची म्हणून अब्बा रायगडहून इथे अमिरातीत, फुजैराला आले होते. येऊन तीनच दिवस झालेले. ओट्याखालचं कपाट काय उघडलं, नळीचं तोंड काय नाकाशी नेलं, आणि माझी उलटतपासणी सुरू. वास येत होता, हे खरं. आंबलेल्या माडीचाच वास. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून दुप्पट राग आला.

माडी कसली? मी जव भिजवते, मोड आणते, वाळवून हलके भाजते आणि भरडून तासभर कडक गरम पाण्यात ठेवते. पाणी गोड होतं. ते गाळून, आलं घालून उकळायचं, गार करायचं, लिंबू पिळून प्यायचं. बिअरवाले याच गोड पाण्याला वर्ट म्हणतात आणि पुढे ते आंबवायला त्यात यीस्ट घालतात. मी घालत नाही, विषय संपला. फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन अकरा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसले आहे. शिकलेल्यातलं एवढं एकच अजून माझ्या हातात आहे, आणि ते मी कुणाच्या नाकासाठी सोडणार नव्हते.

अडचण होती ती गार करण्याची. जूनमध्ये इथे दहा लिटरचं उकळतं पातेलं गार व्हायला अख्खी रात्र जाते. नळाखाली धरावं तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चहाला चालेल इतकं तापलेलं. म्हणून मी एसीवाल्याच्या दुकानातून कोरी तांब्याची नळी आणली आणि तिचं वेटोळं बर्फाच्या बादलीत बसवलं. एका टोकाने उकळतं आत सोडायचं, दुसऱ्या टोकाला लावलेल्या रबरी होजमधून गार बाहेर. पण दर वेळी लिटरभर आतच अडकून राहायचं. मी वरवर धुऊन कपाटात टाकायचे आणि आठवड्यात ते आंबायचं. चूक माझीच होती, आणि अब्बांनी नेमकी तीच पकडली होती.

"ईदला हे टेबलावर येणार नाही," ते म्हणाले. "छोटं गाव आहे बेटा. आपली माणसं मोजकी. उद्या लोकांच्या तोंडी काय येईल?"

"टेबलावर येईल," मी म्हटलं. "वास येणार नाही."

नवरा तेलाच्या टर्मिनलवर कामाला. बाप आणि बायको यांच्यामध्ये सापडला की त्याच्या तोंडात मिठाची गुळणी असते, पण होजचा विषय निघाला आणि गडी बोलता झाला. जहाजात तेल भरून झालं की हवा मारून लाइन रिकामी केल्याशिवाय होज सोडत नाहीत म्हणे. "तूही तोंडाने फुंकर मार की."

"आणि थुंकी पाजू पाहुण्यांना?"

मग आम्ही दोघं बसलो. तीन मीटरचा होज कापून वीतभर केला, कारण सगळ्यात जास्त त्याच्याच झोळात साचायचं. बादलीच्या तळाशी भोक पाडून नळीचं टोक खालून काढलं, म्हणजे वाट सगळी उताराची. आणि पातेलं रिकामं होतंय असं दिसलं, की नळी कोरडी पडायच्या आत वरून उकळलेलं पाणी ओतायचं. ते पाणी मागून रेटतं, पुढे वर्ट येतं. मधासारखा रंग उतरून फिकट धार दिसली की भांडं बाजूला करायचं. आत राहतं ते साधं पाणी. पहिल्याच खेपेला लिटरभर जास्त हाती आलं. मग गरम पाण्याने नळी पुन्हा धुतली, चार दिवस तशीच कपाटात ठेवली आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी अब्बांच्या नाकाखाली धरली.

त्यांनी दोनदा वास घेतला. "ठीक आहे," म्हणाले, "ठेव टेबलावर. पण कुणी विचारलं, तर दुकानातलं आहे म्हण."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा खटाटोप करून मी दुकानाचं नाव सांगायचं? मी नळी उचलून कपाटात ठेवली, आणि त्यांना वाटलं मी ऐकलं.

ईदच्या दुपारी मटणावर सगळे तुटून पडले होते. माझ्या जवाच्या पाण्याचा जग दोनदा भरून झाला. नवऱ्याच्या टर्मिनलवरच्या एका साहेबांची बायको ग्लास उंचावून म्हणाली, "छान आहे हो, कुठलं हे?" अब्बांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी बोलले.

"मी केलंय. घरीच. मोड आलेल्या जवाचं पाणी. बिअरवाले इथूनच सुरुवात करतात, पण मी त्यात यीस्ट घालत नाही. हराम काही नाही यात."

त्या बाईंनी अर्धा प्यालेला ग्लास हलकेच खाली ठेवला आणि बोटाने लांब सरकवला. अब्बा ताटात बघत बसले.

मी तो ग्लास उचलला. त्यांचा उष्टा, तसाच तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत तळापर्यंत प्याले.

"आणखी कुणाला नकोय?" मी विचारलं. "द्या इकडे."