नोकऱ्या देणारा जावई

सेवायोजन अधिकारी म्हणून नाशकात रुजू झालो आणि लग्नाच्या बाजारात माझा भाव एकदम वधारला. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. लोक आमच्या कार्यालयाला नुसतं 'एम्प्लॉयमेंट' म्हणत आणि तिथला साहेब खिशात नोकऱ्या घेऊन फिरतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. खरं तर आम्ही बेकारांची नावं नोंदवायचो आणि कुणी मागितली की ज्येष्ठतेप्रमाणे पाठवायचो. निवड करणारे दुसरेच. माझ्या हातून एकाला जरी नोकरी लागली असेल तर शपथ! ही गोष्ट मला मनातून फार खुपायची.

मुलगी पाहायला मामासोबत पिंपळगावला गेलो. तिच्या वडिलांची द्राक्षबाग होती. पोहे यायच्या आतच त्यांनी विषय काढला. "साहेब, पोरगी शिकेल हाय, तिची काळजी नाय. पण तिचे हे दोघं भाऊ रिकामे हायेत. पोरं लय हुशार. तुम्ही मनावर घेतलं तर..."

"मला नोकऱ्या देता येत नाहीत हो. मी फक्त नावं पाठवतो."

"मोठ्या माणसाचं बोलणं असंच राहतं," असं म्हणून त्यांनी कौतुकानं मान डोलावली.

मुलगी पोहे घेऊन आली. पाहताक्षणी आवडली. मामानं कोपरानं ढोसलं, "अरे, विचार काहीतरी." मग दिवसभर ऑफिसच्या खिडकीवर जे विचारायचो तेच तोंडातून बाहेर पडलं.

"शिक्षण?"

"बी. ए."

"टायपिंग?"

"मराठी तीस, इंग्रजी चाळीस."

"अनुभव?"

इथे मामाला ठसका लागला. ती मात्र शांतपणे म्हणाली, "साहेब, ही सगळी माहिती तुमच्या ऑफिसात दिलेली आहे. कार्डाचं नूतनीकरणही वेळेवर करते. इतक्या वर्षांत एक कॉल आला नाही. पहिला आला तो हा, तोही स्वयंपाकाच्या जागेचा!"

तिच्या आईनं कपाळावर हात मारला. मला हसू आवरेना. म्हटलं, "जागा कायम आहे."

"आणि निवड?"

"मी फक्त नाव पाठवलंय. निवडायचं तुम्ही."

"भावांना नोकरी लावाल?"

"नाही लावता येणार."

"मला?"

"तुम्हालाही नाही."

तिच्या वडिलांचा चेहरा उतरला. ती रिकाम्या बशा उचलत म्हणाली, "खरं बोलणारा साहेब पहिल्यांदाच पाहिला." आठवडाभर जिवाला घोर लागला होता, मग होकार आला. माझ्यासारखा सुखी अधिकारी साऱ्या जिल्ह्यात नव्हता.

पुढे सरकारी भरती आटली आणि आमच्या खिडकीवरची गर्दीही. त्याच सुमारास हमरस्त्यावर द्राक्षं निवडून पेट्यांत भरणारी पॅकहाउसं उभी राहत होती. बायको कुणाच्या कॉलची वाट न पाहता तिथल्या एकात जाऊन काम मागून आली. काही वर्षांत कामाला घ्यायच्या बायकांची निवड तिच्याकडेच आली. तिची मुलाखत साधी. समोर घड ठेवायचा, हातात कात्री द्यायची. बाकीच्या मण्यांना बोट न लावता जिनं खराब मणी काढला, तिला काम. शिक्षण, टायपिंग काही नाही. सकाळी दाराशी माणसं येत आणि मला विचारत, "मॅडम हायेत का?" मी त्यांना बसायला सांगून चहा टाकायचो.

तिचे दोन्ही भाऊही तिच्याच शब्दानं लागले, एक टेम्पोवर, एक शीतगृहात. सासरे मात्र गावभर सांगत सुटले, "जावयानं लावलं पोरांना. एम्प्लॉयमेंटला साहेब हाय ना!"

एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझ्यासमोरच हे सुरू केलं. बायकोच्या कष्टांचं श्रेय आयतं माझ्या पदरात पडत होतं. मला लाज वाटली. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी पानावरून अर्धवट उठलो, तोच वाढायला आलेल्या बायकोनं खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"जेवा गुपचूप," पानात जिलबी टाकत ती म्हणाली. "लागू द्या की दोन तरी नोकऱ्या तुमच्या हातून."