मनोऱ्यातली पिवळी साखळी

मॉएन्स एकतीस वर्षं चर्चच्या नोकरीत होता. घंटा वाजवणं, कबरींभोवतीचं गवत कापणं, बर्फ पडला की पायऱ्यांवर मीठ टाकणं, ही त्याची कामं. डेन्मार्कमधल्या पश्चिम जटलंडच्या त्या सपाट मुलखात चर्चच्या मनोऱ्याइतकं उंच दुसरं काहीच नव्हतं. म्हणून मोबाइल कंपनीने आपले अँटेना मनोऱ्यातच, लाकडी झडपांमागे बसवले. त्यांच्यापुढे पिवळी साखळी आली आणि भिंतीवर नियमाचा कागद आला: साखळी ओलांडण्यापूर्वी कंपनीला फोन करून अँटेना बंद करून घ्यावेत.

घंटेच्या आसाला तेल घालायला साखळी ओलांडावीच लागे. ते काम त्याचा जोडीदार थोर्किल करी. पहिल्या हिवाळ्यात तो फोन कानाला लावून गारठ्यात वीस-वीस मिनिटं ताटकळायचा. पलीकडे नुसतं संगीत वाजे. एकदा मॉएन्स खालून म्हणाला, "अरे, त्यांची वाट बघत बसलास तर घंटेआधी तूच गंजशील. जा की पलीकडे. दोन मिनिटांचं तर काम."

थोर्किल हसला आणि गेला. पुढे त्याने फोन करणं सोडूनच दिलं.

अँटेना बसल्याच्या अकराव्या वर्षी थोर्किलच्या डोक्यात गाठ निघाली. सात महिन्यांत तो गेला. कबर मॉएन्सनेच खणली. अँटेनांशी याचा संबंध जोडायला काही आधार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मॉएन्सने मान डोलावली होती. पण मनोरा चढताना त्याला खालून स्वतःचाच आवाज ऐकू येई, 'जा की पलीकडे.' तो थांबून मागे बघे. जिन्यात कुणी नसे.

अशी सहा वर्षं गेली. थोर्किलची बायको इंगेलिसे दर रविवारी प्रार्थनेनंतर त्याची विचारपूस करी, आणि तो नजर चुकवी.

यंदा अँटेनांच्या लहरींची तीव्रता मोजायला सोलवाय नावाची तरुण इंजिनिअर आली. आसाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाचं काय, असं मॉएन्सने तिला विचारलं. तिने मोजलं. आकडा मर्यादेच्या पाचव्या हिश्शाइतका भरला.

"आणि शिडी इथे टेकवली तर? अगदी अँटेनाच्या तोंडाशी?"

तिने यंत्र पुढे धरलं. "इथे मर्यादा ओलांडते. फार वेळ थांबलं तर शरीर तापू शकतं. पण गाठ होते, असं सिद्ध झालेलं नाही."

"होतच नाही, असं?"

"तशी सही मी कशी देऊ, मॉएन्स? विज्ञान तशी सही देत नाही."

थोर्किल शिडी तिथेच टेकवायचा.

त्याच दुपारी मॉएन्स इंगेलिसेच्या स्वयंपाकघरात उभा होता. ती राय धान्याच्या काळपट पावावर खारवलेला मासा मांडत होती. बसायच्या आधीच त्याने सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन त्याने सांगितलं होतं. तू कधी सांगायला येतोस, तेच बघत होते."

"मग दोष देतेस मला?"

तिने सुरी खाली ठेवली आणि प्रामाणिकपणे विचार केला.

"रोज नाही," ती म्हणाली, आणि थोर्किलची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

मॉएन्स बराच वेळ उभाच राहिला.