जुन्या डिस्कमधलं बारसं

ती केस अजून डोळ्यापुढून हलत नाय.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात व्हता. तो वारला, दिरानं घराबाहेर काढलं, अन् खात्यानं नवऱ्याच्या जागी मला घेतलं. ठाण्यात रडती बाई आली की साहेब मलाच हाक मारायचे.

कन्नड तालुक्याकडची एक पोरगी आली. लग्न ठरलेलं. कुणीतरी तिचं तोंड दुसऱ्याच उघड्या बाईच्या अंगाला चिकटवून फोटो होणाऱ्या सासरी धाडला. मग तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. लग्न मोडलं. पोरीनं फवारणीचं औषध पिलं, कशीबशी वाचली.

तिचा भाऊ वाळूजला कंपनीत. रोज ठाण्यात येऊन ओरडायचा, "शेजारचा रिक्षावालाच हाय. फोडा त्याला!" आम्ही रिक्षावाल्याला आत टाकलं. ते बिचारं एकच म्हणायचं, "आईची आन, मी नाय."

रीतीपरमाणं घरच्यांनाबी विचारलं, घरात कॉम्प्युटर हाय का. भाऊ म्हणला, "माझं कॉम्प्युटर विजेनं जळालं, भंगारात दिलं." आम्ही खरं मानलं.

मग एक दिवस शहरातल्या कॉम्प्युटर रिपेरीवाल्या चाचाचा ठाण्यात फोन आला. मीच उचलला.

"बाई, एक नवं मशीन आलंय, चालूच होईना. गिऱ्हाइकानं आत जुनी डिस्क बसवलीय. मशीन नवी सोडून जुनीलाच पयले उठवतंय अन् तिथंच अडकतंय. जुनी काढली तर मस्त पळतंय. मेली का जिती बघावं म्हणून जुनी दुसऱ्या मशीनला जोडली, तर..."

"तर काय, चाचा?"

"तोच फोटो, बाई. मोबाईलवर फिरला तो. तुम्ही या. मला बोलवंना."

साहेब अन् मी दोन पंच घेऊन गेलो. पडद्यावर तोंड एकीकडं, धड एकीकडं. शेजारी मूळ फोटो, बारशाचा. ही पोरगी पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगतीय. त्याच फोटोतनं तिचं तोंड कापलेलं.

"मशीन कुणाचं?" साहेबांनी विचारलं. चाचानं नाव सांगितलं. भावाचं!

पंचनामा केला, डिस्क सील केली, भावाला आणलं.

"विजेनं जळालं व्हतं ना रे?" साहेब म्हणले.

तो म्हणला, "माझ्या मेव्हण्याला देऊ म्हणलं तिला. ऐकंना. हे लग्न मोडलं की तयार होईल, वाटलं."

मी म्हणलं, "येड्या, मग डिस्क फेकली का नाय?"

"माझ्या लेकीच्या बारशाचे फोटो हायेत त्यात. टाकवंना."

रिक्षावाल्याला सोडलं. जाताना त्यानं आमच्याकडं वळून बघितलं नाय. बरोबर केलं त्यानं. तवापासून ठाण्यात जो लई ओरडंल, त्याचं घर मी आधी बघायचे. ह्या केसनं तेवढं शिकवलं.

पोरीला सांगायचं काम माझ्यावर आलं. तिनं सगळं ऐकलं. रडली नाय. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणली, "मावशी, दादाला एवढंच सांगा. त्या लेकराचं नाव मी ठेवलंय. ते तरी बदलू नको म्हणावं."