अर्ध्या तासाचं पुणं

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं शहाणपणा करावा, पण त्यालाही काही माप असावं की नाही? चहा घ्या, मग सांगतो माझं शहाणपण.

पंच्याण्णव सालची गोष्ट. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मी मेहताजी, शेठच्या पेढीवर हिशेब लिहायचो. सकाळी सहाला गावाहून, साताऱ्याच्या अलीकडून, धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, आईचं काय खरं न्हाई. तुजंच नाव घेतीया. लगीच नीघ."

आता साताऱ्याची एष्टी आमच्या दारावरनं जाते, गावही हायवेलाच. सरळ बसावं की नाही? पण शेठ एकदा बोलता बोलता म्हणाले होते, विमानानं पुणं अर्धा तास. ते डोक्यात बसलेलं. भावाला ऐटीत म्हटलं, "आईला सांग, इमानानं येतोय. पुणं अर्ध्या तासात."

बायको म्हणाली, गपगुमान एष्टीनं चला. मी तिलाच येड्यात काढलं. म्हटलं, तू जा पोरांना घेऊन, मी तुझ्याआधी आईच्या उशाशी असेन.

आणि निघालो कुठं? पुण्याला जायचं म्हणून उलटा सांताक्रूझच्या विमानतळावर! वाशीचा पूल, मानखुर्द, चेंबूर, ट्रॅफिकमध्ये दोन तास गेले. तिथं कळलं विमान अकराला. अकरा वाजले तर म्हणे एकला. मग अडीचला. दर वेळी काउंटरवरचा टायवाला पोरगा धीर द्यायचा, फ्लाइट फक्त अर्ध्या तासाची आहे सर.

उडालं एकदाचं. पाच मिनिटांत खाली बघतो, तर वाशीची खाडी, पलीकडं आमचं तुर्भं. सकाळी जिथनं निघालो, त्याच्याच डोक्यावरनं दुपारी चाललोय. स्वतःच्या अकलेचं मला रडूच आलं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, पहिल्यांदाच बसलात वाटतं? मी हो म्हणालो.

पुण्याला मात्र अर्ध्या तासात उतरवलं हां, खोटं कशाला बोलू. मग रिक्षा, स्वारगेट, एष्टी. गावात पोचलो तर दिवेलागण झालेली. अंगणात माणसं बसलेली आणि मधे आई. माझ्यासाठी माती थांबवली होती.

बायको दुपारी एक वाजताच पोचलेली. शेवटचं पाणी तिनंच पाजलं. सासूला ती आत्याबाई म्हणायची; झालं ते तिनं सांगितलं.

"आत्याबाईंनी खाट अंगणात काढायला लावली. आभाळाकडं बघत होत्या. घार दिसली तरी हात करायच्या. दोनच्या सुमाराला म्हणाल्या, 'गेला बग वरनं. लय उंचावर हाय, त्याला न्हाय दिसायची मी.' आणि हात खाली घेतला."

दोन वाजता मी कुठल्या आभाळात होतो?

सांताक्रूझला बाकावर बसलो होतो. उशीर झाला म्हणून फुकट वाटत होते, ते दुसरं सँडविच खात.