काकू खाली बसली तो दिवस

माझ्या चुलतीला, म्हणजे काकूला, खाली बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने, भाकरी चालता चालता, टीव्हीवरची मालिका दाराच्या चौकटीतून. लासुर्ण्याच्या घरी आलेला पाहुणा तिच्या येरझारा बघूनच दमायचा. "बसलं की नगं ते आठवतं," म्हणायची. आम्हाला ते निमित्त वाटायचं.

ऊस तुटून गेला की काका रानात उरलेला वाळका पाला, पाचट, पेटवायचे. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी रानाला कालव्याचं पाणी घ्यायची आमची पाळी होती, म्हणून दुपारीच पेटवायचं ठरलं. कॉलेजच्या सुट्टीत आलेली मी बांधाकडेला बघते, तर पाचटात मांजराची तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. मी ती ओढणीत गोळा केली आणि दूध पाजायला घराकडे निघाले. माझी भूतदया अगदी उतू चालली होती.

"ठिव आधी हुती तितं!" काकू ओरडली. पिल्लांच्या पोटाला बोट लावून म्हणाली, "अंग गरम हाय, पोटं भरल्याली हायती. आय खायला गेली आसंल. गार पडली, वरडाय लागली, तर उचलू. आन् गाईचं दूध पाजू नगं, हगवण लागंल."

काका काड्यापेटी घेऊन आले. "आगं, मांजरापायी पाळी घालवायची व्हय?"

"वढा काडी. मग घरात चूल कशी पेटती तेच बघते," असं म्हणून काकू चक्क लांब बोरीखाली जाऊन बसली.

बसली कसली! गवत उपटत होती, पदर पिळत होती. मी दोनदा उठले, दोनदा तिने मला खाली ओढलं. "तू घुटमळतीस म्हनून ती यीना." ऊन कलायला लागलं. काका काड्यापेटी खुळखुळवत फिरत होते. मला काकूचा रागच आला. मांजर आलंच नाही तर?

तेव्हा ती हळूच बोलली. "माझी आय दुसऱ्याच्या उसात खुरपाय जायची. मी तान्ही, मला बांधावर ठिवल्यालं. कुना भल्या बाईला वाटलं, पोर टाकून दिलंय. नेली की मला उचलून गावात. आय सांजपतोर शिवारभर वरडत फिरली. मी घावले, पर आय म्हातारी झाली तरी झोपंतनं उठून मला चाचपायची."

मांजर आलं. एकेक पिल्लू मानेला धरून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेऊ लागलं. तिसऱ्याच्या वेळी काकू पुटपुटली, "आली बग तुजी आय." मग लुगडं झटकून उठली आणि काकांना म्हणाली, "पेटवा आता." त्यानंतर ती पुन्हा कधी बसलेली दिसली नाही.

काकू जाऊन दोन वर्षं झाली. परवा बारामतीत आमच्या इमारतीमागे, जुन्या पोत्यांत पिल्लं निघाली. शेजारणी दुधाच्या वाट्या घेऊन धावल्या. "लांब व्हा सगळ्या," मी खेकसले आणि पिल्लांना हात लावून बघून जिन्यात जाऊन बसले. दीड तास. बसवत नव्हतं. मांजर आलं तेव्हा मला रडू आवरेना.

"आली बघ तुझी आय," मी म्हणाले. बघत होते पिल्लांकडे, सांगत होते काकूला.