आत्याचे चिंचोके

"मेल्या, माझं झाड शिजवलंस की रं!"

आत्याचा आवाज असा, की सोलापुरातल्या गिरणीचा भोंगा त्यापुढं पिपाणी वाटावी. त्या दिवशी पाळी सुटली असं समजून निम्मी गिरणी घरी परतली. कुणी विश्वास ठेवत नाही, तो भाग वेगळा.

समोर आमचा शेजारी, सांगोल्याकडून आलेला घोंगडीवाला, हातात खळीचा कुंचा धरून उभा. मागं ताणलेलं घोंगडं, ओलंचिंब. घोंगड्याला ताठपणा यावा म्हणून चिंचोके भिजवून, ठेचून, शिजवून त्यांची खळ लावतात. परसात त्याचं मडकं कायम भिजत असायचं. त्या दिवशी शेजारी आत्याचंही होतं. ह्या पठ्ठ्यानं दोन्ही शिजवली.

आत्याचे चिंचोके साधे नव्हते. आतोबांनी हातानं लावलेली चिंच वादळात उन्मळली, तीही आतोबा गेले त्याच साली. तिच्या शेवटच्या चिंचांतले चिंचोके आत्यानं राखेत घालून गाडग्यात कोंडले, तोंड शेणामातीनं लिंपलं. भुंगा सोडा, यमालासुद्धा आत वाट मिळाली नसती. पण चिंचोका मुलखाचा आळशी. कोरडा पेरला तर ढिम्म झोपून राहतो. म्हणून पेरायच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्यांच्यावर कढत पाणी ओतून ठेवलं होतं.

"माझंच समजलो वो आक्का," एवढंच तो म्हणाला.

आत्या मटकन खाली बसली. भोंगा बंद. ते मात्र ऐकवेना.

घोंगडं वाळलं तसं त्यानं ते तिच्या दारात आणून ठेवलं. "तुमचं झाड ह्यातच हाय, आक्का. घ्या की." तिनं हात लावला नाही. घोंगडं कोनाड्यात पडून राहिलं, आणि हा माणूस आमच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागला.

मग एका सकाळी मोरीपाशी कोंब दिसले. कढत पाण्यालाही दाद न देता टणक राहिलेले आत्याचे काही चिंचोके त्याच्या वरवंट्याखाली फुटेनात, म्हणून वैतागून त्यानं तिथं भिरकावले होते. मोरीच्या ओलीनं त्यांची सालं नरमली. मी तर म्हणतो, आत्याच्या शिव्यांनीच ते जागे झाले.

आत्यानं कोंबांभोवती काटे रोवले, शेळ्यांना दम भरला. मग आत गेली आणि भर उन्हात घोंगडं पांघरून बाहेर आली. तो कुंचा टाकून धावला.

"कसं झालंय, आक्का?"

"टोचतंय."