सुभेदारमामांनी ड्रॅगनला उपाशी ठेवलं

दुपारचे सव्वादोन वाजले होते. माझ्यापासून चार हातांवर मटणाचा रस्सा रटरटत होता आणि त्याच्या वासानं माझ्या पोटातून असे आवाज निघत होते की गोठ्यातल्या म्हशीनं दोनदा उत्तर दिलं. पण मला जेवता येत नव्हतं. कारण मी ड्रॅगन होतो, आणि शत्रूनं माझी रसद तोडली होती.

ही वेळ माझ्यावर धंद्यानं आणली. मी सांगलीत राहतो, फँटसी कादंबऱ्या लिहितो आणि टेबलटॉप गेम डिझाइन करतो. टेबलटॉप म्हणजे टेबलावर नकाशा पसरून, सोंगट्या आणि फासे घेऊन समोरासमोर खेळायचा खेळ. लाइट गेली तरी चालतो, म्हणून आपल्याकडे त्याला मोठं भविष्य आहे, असं मी भेटेल त्याला सांगतो. सध्या हातात दोन कामं आहेत. एक, कादंबरीचा तिसरा भाग. त्यातली राणी आठ महिने पुलाच्या मधोमध उभी आहे, कारण पलीकडे कोण आहे ते मलाच अजून ठाऊक नाही. दुसरं, ‘काळदरी’ हा गेम. याच्यावर मी तीन वर्षं घालवली. नुसती लढाईची कार्डंच साठ काढली.

पुण्याच्या प्रकाशक मीनल मॅडम तो छापायला तयार झाल्या, पण एका अटीवर.

“तुमचे मित्र खेळून दाखवतील, त्याचा मला उपयोग नाही,” त्या म्हणाल्या. “जन्मात फँटसी न पाहिलेली तीन माणसं बसवा. दोन तासांत ड्रॅगन मेला तर छापते. नाहीतर नमस्कार.”

याला प्लेटेस्ट म्हणतात. एकदा ती सुरू झाली की डिझायनरनं तोंड उघडायचं नाही. शंका आली तर खेळाडूंनी रूलबुक वाचायचं. ड्रॅगन मात्र मलाच खेळायचा होता.

“आणि मुद्दाम हरू नका,” मॅडमनी बजावलं. “मला कळतं.”

जन्मात फँटसी न पाहिलेली माणसं साताऱ्याजवळच्या माझ्या मामांच्या गावात ढिगानं मिळतात. तिथं घरटी एक माणूस फौजेत. लग्नाची वरातसुद्धा पावलात पाऊल टाकून चालते. मामा सुभेदार म्हणून रिटायर झाले. जोडीला त्यांच्याच पलटणीतले शंकर हवालदार होते, माणदेशातले, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तिसरी मामी. मॅडम स्वतः बघायला आल्या आणि साडेबाराला त्यांनी घड्याळ लावलं. अडीचला खेळ संपणार आणि मग जेवण, असं ठरलं. धाकधुकीनं मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

गेम सोपा आहे. वीरांनी गावोगाव फिरून हत्यारं जमवायची, डोंगर चढायचा, गुहेत शिरून ड्रॅगनशी लढायचं. ड्रॅगन दर फेरीला खाली येऊन एक मेंढरू खातो. मेंढरू मिळालं नाही, तर त्याची एक शक्ती कमी होते. मामांना योद्धा आला, हवालदारांना जादूगार, आणि मामीला एल्फ, म्हणजे लांब कानांची तिरंदाज.

“जादूगार नेमकं काय करतो, सुभेदारसाब?” हवालदारांनी विचारलं.

मामांनी कार्ड वाचलं. “काठी धरून लांब निरोप धाडतो.”

“म्हंजी सिग्नलवाला. मग जमतंय.”

मामी कार्डावरचं चित्र निरखत होती. “एवढा लांब कान, आन्‌ डूल एकच व्हय?”

मग मामांनी रूलबुक हातात घेतलं. आजवर माझं रूलबुक पहिल्या पानापलीकडे कुणी वाचलेलं नाही. मामांनी ते पंचवीस मिनिटं वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि अकराव्या पानावर बोट ठेवलं.

“दुश्मन मेंढरावर जगतोय. मेंढरं हलवा नदीपल्याड.”

“आवं सुभेदारसाब, मेंढरं अशी नदी उतरत न्हाईत,” हवालदार कळवळून म्हणाले. “फुडं शेरडू लागतंय. त्याच्या मागनं जात्यात.”

माझ्या गेममध्ये शेळीच नव्हती. हवालदारांनी खिशातनं शर्टाचं तुटकं बटण काढून नकाशावर ठेवलं. बटण पुढं, मेंढरं मागं. तीन फेऱ्यांत पाच गावांतलं एकूण एक मेंढरू नदीपलीकडे गेलं. मी पंख पसरून खाली आलो, तर गावंच्या गावं मोकळी. एक कोंबडीसुद्धा मागं ठेवली नव्हती, आणि कोंबड्या तर मी काढल्याही नव्हत्या.

दीड वाजता मामांनी हुकूम सोडला, “पलटण आळीपाळीनं जेवंल!”

मी ताटाकडे हात नेला. मध्ये मामांचा पंजा आला.

“तू कुटं निगालास?”

मी स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं. बोलायची बंदी होती.

“तुजंच पुस्तक हाय, भाच्या. पान एक. ‘ड्रॅगन घेणाऱ्याने स्वतःला ड्रॅगन समजावे.’ समज की मग.”

ते वाक्य मी रंगत यावी म्हणून घातलं होतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या भाकरी चुरत होत्या. “नियम म्हणजे नियम,” त्या म्हणाल्या आणि वाटी पुढे केली. हवालदारांनी आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात नेऊन लावली आणि पहाऱ्यावर बसून नळी फोडली.

सव्वादोनपर्यंत माझी शक्ती दहावरून एकवर आली होती. गेममधलीही आणि खरीही. आता अडचण अशी की भुकेनं ड्रॅगन मरत नाही. शेवटचा घाव हत्यारानंच घालावा लागतो. गुहेत बाण लागत नाही, मामा गुहेत शिरायला तयार नव्हते, आणि खाली मेंढरूच नाही म्हटल्यावर मी काही बाहेर येणार नव्हतो. मुद्दाम हरायचं नव्हतं ना!

“पंधरा मिनिटं उरली,” मॅडम म्हणाल्या.

“घाई कसली?” मामा मांडी बदलत म्हणाले. “दोन म्हयनं बसू की.”

माझी तीन वर्षं नदीपलीकडच्या मेंढरांबरोबर निघाली होती.

“आवं, मी बाण कवा सोडू?” मामीनं विचारलं.

“आर्डर येईल तवा.”

“तुमची आर्डर येस्तवर माज्या भाकरी वाळून जातील!” असं म्हणून मामी आत गेली. हवालदारांनी तिला अडवलं नाही. लढाईत अनुभव लागतो, तो त्यांना होता.

ती बाहेर आली ती ताट घेऊन. भाकरीची चवड, तांबडाभडक रस्सा, आणि त्यातनं झेंड्याच्या काठीसारखी उभी राहिलेली नळी. मामीनं नदीपलीकडचं एक मेंढरू उचललं, गुहेसमोरच्या उघड्या रानात ठेवलं आणि त्याच्या मागं ताट टेकवलं.

“एक चुकार मेंढरू ऱ्हायलंय बघ. घे रं माज्या राजा. सकाळधरनं उपाशी हायस. आदी ड्रॅगन सरकव, मग ताट.”

मी विचार केला असं सांगायला मला आवडेल. पण विचार करणारा अवयव केव्हाच बंद पडला होता. हात आपला आपण गेला आणि ड्रॅगन गुहेबाहेर आला. मामीनं फासा टाकला. चारच्या वर पडायला हवं होतं. फासा कांद्याच्या वाटीला आपटला, दोनदा उलटला आणि पाच दाखवून थांबला.

“मेला गं बाई,” मामी म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं.

“मेल्याला रसद द्यायला हरकत न्हाई,” मामांनी मंजुरी दिली.

दोन वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. मॅडम माझ्याकडे रोखून बघत होत्या.

“मुद्दाम हरलात?”

माझ्या तोंडात नळी होती.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम हरणारा माणूस डोळे मिटून नळी चोखत नाही.”

प्लेटेस्टनंतर खेळाडूंना प्रश्न विचारायचे असतात. मॅडमनी मामांना विचारलं, “एवढी साठ लढाईची कार्डं होती. तुम्ही एकसुद्धा उचललं नाही. का?”

मामांनी रूलबुक मिटून नीट टेबलावर ठेवलं. “तीस वरसं पलटणीत काढली, मॅडम. चढाई केली की माणसं मरत्यात. मग त्यांच्या घरी जाऊन सांगावं लागतंय. उपाशी ठिवलं की काय, एकटा भाचा चिडतो.”

हवालदारांनी मान हलवली. मॅडमनी तिथंच रस्सा लागलेल्या हातानं छापायला होकार दिला आणि त्याच हातानं माझी बावन्न कार्डं बाद केली.

गेम आता छपाईला गेलाय. रूलबुकात लढाईला अर्धं पान आहे, मेंढरं हलवायला चार, आणि शेळीची सोंगटी वेगळी दिली आहे. माझ्या व्यवसायातल्या नव्या लोकांना एवढंच सांगतो: लढाईचा गेम करायचा असेल, तर लढून आलेल्यांना खेळायला बसवू नका. ते लढत नाहीत.